स्तोत्रे मोठ्याने वाचताना : वाशीच्या संमेलनातील अनुभव

जय ख्रिस्त. गेल्या महिन्यात वाशीला झालेल्या दोन दिवसांच्या संमेलनात या खेपेस भाषणे कमी ठेवून बहुतेक वेळ बायबलमधील स्तोत्रसंहितेच्या अभ्यासाला आणि तीच स्तोत्रे घेऊन केलेल्या उपासनेला दिला होता. घरी परतल्यावर कोणाच्या मनात कोणते स्तोत्र राहिले आणि त्यामुळे उपासनेत काय बदलले, ते सर्वांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

१३६व्या स्तोत्रातील सर्व २६ वचनांचा उत्तरार्ध एकच आहे : त्याची दया सनातन आहे. घरी एकटीने वाचताना मी वर्षानुवर्षे हे शब्द नुसते नजरेखालून घालून पुढे जात असे. संमेलनात पाळकसाहेबांनी पूर्वार्ध एका बहिणीला वाचायला सांगितला आणि उत्तरार्ध सर्वांनी म्हणायचा असे ठरले. पहिल्या आठ-दहा वचनांपर्यंत कोणी घाईने सुरू करी, कोणी मागे रेंगाळे. तांबड्या समुद्राची वचने आली तेव्हा मात्र सारे सभागृह एका लयीत आले. भजनात ध्रुवपदाचे जे काम, तेच या उत्तरार्धाचे आहे, हे रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने लहानपणापासून म्हणत आलेल्या मला त्या दिवशी प्रथम उमगले. आता संडे स्कूलमध्ये मुलांकडून मी हे स्तोत्र असेच म्हणवून घेते.

ठाण्याहून :

ताई, मी कॅथलिक असून संमेलनाला पाहुणा म्हणून आलो होतो. मासुंदा तलावाजवळचे आमचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळातले आहे. माझ्या आजीने तरुणपणी लॅटिन मिस्सा (आमची मुख्य उपासना) ऐकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) लोकभाषांना उपासनेत वाट करून दिली, त्यानंतरची आमची पिढी. मिस्सात पहिल्या वाचनानंतर प्रतिसादाचे स्तोत्र येते आणि त्यातली एक ओळ लोक पुन्हा पुन्हा म्हणतात, म्हणजे तुम्ही वर्णन केलेली रीत माझ्या अंगवळणी पडलेली होती. पण तेथे बहुधा स्तोत्राचा निवडक भागच येतो, आणि उरलेले स्तोत्र मी कधी उघडूनही पाहिले नव्हते, याची मला त्या दिवशी मनापासून खंत वाटली. आता शनिवारी रात्री जेवणे झाल्यावर रविवारचे स्तोत्र आम्ही घरात पहिल्या वचनापासून शेवटपर्यंत वाचतो.

ऐरोलीहून :

भाषांतराच्या तासाला आमच्या गटात एकच स्तोत्र तीन मराठी भाषांतरांतून वाचले गेले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणले आणि छपाईचे काम केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांनी केले, हे ऐकून होते. १९२२ साली त्या वारल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये निघाला, हे जाणून घेऊन त्यातली वचने मोठ्याने वाचताना आवाज जड झाला. या तासाला पुढच्या वर्षी किमान अर्धा दिवस मिळावा.

घणसोलीहून :

वडील जूनमध्ये गेले. त्यानंतर मंडळीतले सगळेजण प्रेमानेच, पण एकच सांगत : प्रभूची स्तुती कर, मन हलके होईल. मला स्तुती करता येत नव्हती आणि विश्वास उणा पडला असे वाटून मी उपासनेला मागच्या बाकावर बसू लागलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ८८वे स्तोत्र अभ्यासाला होते. विलापाची बहुतेक स्तोत्रे शेवटी आशेकडे किंवा स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, आणि मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार हा आहे. तरीही ते इतर स्तोत्रांच्या रांगेत, देवाला उद्देशून म्हणायची प्रार्थना म्हणूनच ठेवलेले आहे. शिकवणाऱ्या बाईंनी वाचून झाल्यावर लगेच पुढचे स्तोत्र घेतले नाही, दोन-तीन मिनिटे तशीच जाऊ दिली. माझ्या मांडीवरचे पुस्तक त्या पानावर ओले झाले.

परवाच्या रविवारी शास्त्रवाचन माझ्याकडे होते. पाळकसाहेबांना आधी विचारून मी ८८व्या स्तोत्राची १८ वचने वाचली आणि खाली बसलो. पेटीवर बसणाऱ्या काकांनी पुढचे गीत बराच वेळ सुरू केले नाही.