गाडीत बाहेरचा स्टिरिओ बसवताना फ्यूज-वायरिंगने दिलेला त्रास : तुमचे अनुभव सांगा

मीच सुरुवात करतो, पुण्याहून. आमची गाडी बारा वर्षं जुनी आहे, कंपनीचा साधा रेडिओ काढून टचस्क्रीन बसवून घेतला, आणि पंधरा दिवसांत तीन फ्यूज उडाले. दर वेळी स्टिरिओबरोबर केबिन लाईट आणि सेंट्रल लॉकही बंद, कारण तिन्ही एकाच फ्यूजवर. जिथे बसवला तिथे नेली तर त्यांनी १० चा लाल काढून १५ चा निळा टाकला, पुढच्या वेळी २० चा पिवळा, आणि म्हणाले आता नाही उडणार. खरंच नाही उडला, पण तिसऱ्या दिवशी स्पीडब्रेकरवरून गाडी उतरली आणि डॅशबोर्डमधून प्लास्टिक जळल्याचा वास आला, मागे मुलगी झोपलेली होती. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडून बॅटरीची निगेटिव्ह काढली, हात थरथरत होते.

मग ओळखीच्या एका काकांनी जे शिकवलं ते सगळ्यांनी करून बघावं म्हणून हा धागा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्यायचा, दोन वायरींना चपट्या पिना लावायच्या आणि फ्यूजच्या जागी तो बल्ब खोचायचा. स्टिरिओचा कपलर (मागचा वायरींचा प्लग) काढून ठेवायचा, दारं बंद (नाहीतर केबिन लाईटमुळे बल्ब मिणमिणतो आणि आपण फसतो). शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो, पण दोन अँपियरच्या वर करंट जातच नाही, त्यामुळे काही जळत नाही आणि एकामागून एक फ्यूजही वाया जात नाहीत. मग डॅशबोर्डमागची वायर एकेक करून हलवत जायची, बल्ब विझला की त्याच जागी दोष. आमच्याकडे स्टिरिओ धरून ठेवणाऱ्या पट्टीला मूळ स्क्रूपेक्षा लांब स्क्रू मारला होता, त्याचं टोक पिवळ्या (स्टिरिओला कायम करंट देणाऱ्या) वायरीच्या आवरणात घुसलं होतं, एरवी टेकायचं नाही, दणका बसला की टेकायचं. वायरीवर मोहरीएवढं काळं भोक, बस्स.

तुमच्याकडे काय काय झालं ते सविस्तर लिहा, गाडी कुठली यापेक्षा दोष कसा सापडला ते महत्त्वाचं.

नाशिकहून

माझा फ्यूज उडाला नाही पण दोन महिने डोकं खाल्लं. रोज सकाळी गाडी चालू केली की स्टिरिओ पहिल्यापासून सुरू, घड्याळ १२ वर, ब्लूटूथला फोन परत जोडा, बॅलन्स परत लावा. दुकानात सांगितलं सेट फॉल्टी आहे, बदलून घ्या. भावाने मल्टीमीटर (व्होल्ट, करंट मोजायचा मीटर) आणला, २० व्होल्ट डीसीवर ठेवला आणि चावी काढून कपलर तपासला. पिवळ्याला चावी नसतानाही १२ व्होल्ट यायला हवेत आणि लाल वायरीला चावी फिरवल्यावरच, आमच्याकडे बरोब्बर उलटं! काही युरोपियन गाड्यांच्या कपलरमध्ये या दोन पिनांच्या जागा मुळातच उलट असतात आणि बसवणारा फक्त कपलरला कपलर जोडून मोकळा होतो. काही सेटच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) पिवळ्या-लाल वायरीत छोटे बुलेट कनेक्टर दिलेले असतात ते याचसाठी, काढून पिवळा-लाल अदलाबदल करून लावले, दोन मिनिटांचं काम. नवीन सेटला मी अठरा हजार मोजायच्या तयारीत होते, म्हणून बायकांना तर मुद्दाम सांगते, दुकानात आपल्याला काही कळत नाही असं धरूनच बोलतात, मल्टीमीटर घ्या, वापरायला अजिबात अवघड नाही.

कोल्हापूरहून

माझी केस ॲम्प्लिफायरची. सीटखाली ॲम्प आणि मागं सबवूफर, आवाज एक नंबर. पण शुक्रवारी रात्री गाडी लावली की रविवारी सकाळी स्टार्टरचा नुसता टकटक आवाज, धक्का मारायला शेजारच्यांना उठवायचं. बॅटरी बदलली, नव्या बॅटरीचंही तेच. शेवटी ऑटो इलेक्ट्रिशियनने मीटर १० अँपियरच्या भोकात लावून बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये सीरिजला जोडला (असा मीटर लावलेला असताना चावी फिरवून स्टार्टर मारायचा नाही, मीटर जातो) आणि वीस मिनिटं थांबला, सगळं झोपू दे म्हणाला. ०.०५ अँपियरच्या आत पाहिजे ते ०.७ दाखवत होतं. ३५ अँपियर-अवरची बॅटरी, ०.७ ने भागा, पन्नास तासांत पूर्ण रिकामी, म्हणजे शुक्रवार रात्र ते रविवार सकाळ या छत्तीस-एक तासांतच निम्म्याहून बरीच जास्त संपलेली, स्टार्टर कुठून फिरणार. मग एकेक फ्यूज काढत गेला, स्टिरिओचा काढल्यावर आकडा खाली आला. कारण काय, ॲम्पला चालू-बंद सांगणारी निळी-पांढरी रिमोट वायर स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्याला न जोडता सरळ पिवळ्याला पिळली होती, म्हणजे ॲम्प चोवीस तास जागाच. सीटखाली हात घातला असता तर रात्रीसुद्धा ॲम्प कोमट लागला असता, हे मला आधी सुचलं असतं तर बॅटरीचे पैसे वाचले असते.

नागपूरहून

टेपबद्दल लिहितो भाऊ. पिळून काळी टेप गुंडाळलेले जोड आमच्याकडच्या मे महिन्यात टिकतच नाहीत, बंद गाडीत डॅशबोर्ड इतका तापतो की टेपचा गोंद पातळ होऊन टेप सरकते आणि दोन वायरी उघड्या पडतात. माझे तीन फ्यूज असेच गेले. आता सगळे जोड सोल्डर आणि वर हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी), चार वर्षं हात लावला नाही.

ठाण्याहून

लाईट लावला की फ्यूज उडतो असं कोणाचं असेल तर नारिंगी वायर बघा. ती डॅशलाईटची असते, पार्किंग लाईट लावला की तिच्यात करंट येतो. आमच्या माणसाने ती काळ्याबरोबर अर्थला (म्हणजे गाडीच्या बॉडीला) बांधली होती, दिवसा सगळं छान, संध्याकाळी घोडबंदर रोडला लाईट लावला आणि मागचे टेललाईट गेले, ट्रॅफिकमध्ये, पावसात. एक वायर कापून टेप लावली तेवढंच काम होतं.

वेंगुर्ल्याहून

घर समुद्रापासून पाच मिनिटांवर, त्यामुळे खारी हवा. स्टिरिओ चालू व्हायचा, आवाज वाढवला की बंद पडून परत सुरू. मीटरने पिवळ्या वायरीवर १२.५ दाखवलं म्हणून दोन जणांनी वायरिंग ठीक आहे असं सांगितलं. पण तो कपलर काढून, लोड नसताना मोजलेला आकडा! स्टिरिओ लावून आवाज मोठा ठेवून मोजलं तर ९.९. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं स्टिरिओच्या पिवळ्यावर ठेवलं, २.१ व्होल्ट वाटेतच गायब, आणि काळ्या, म्हणजे अर्थच्या बाजूला आणखी अर्धा. फ्यूज काढून त्याच्या खाचेत टॉर्च मारला तर आत हिरवट पावडर साचलेली, फ्यूजचे पाय पण हिरवे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बारीक पॉलिश पेपरची घडी आत फिरवली (बॅटरी काढून), नवीन फ्यूज घातला. अर्थचा बोल्ट रंगावरच आवळलेला होता, तिथला रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला आणि रिंग टर्मिनलने घट्ट केलं, वरून ग्रीस. आता दोन्ही बाजू मिळून ०.२ च्या आत. किनाऱ्यावरच्यांनी दर पावसाळ्यानंतर हे बघत जा.

सांगलीहून

मी तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलं, आता बंद केलंय, पण हे वाचून राहवलं नाही. धागा सुरू करणाऱ्यांना १० च्या जागी २० चा घालून दिला हे वाचून वाईट वाटलं. फ्यूज स्टिरिओसाठी नसतो हो, तो वायरीसाठी असतो. कंपनीने ती वायर १० अँपियरच्या फ्यूजला धरून टाकलीय, २० चा घातला की पहिल्यांदा वितळणार ती वायर, आणि तीही डॅशबोर्डच्या आत जिथं दिसत नाही. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेले फ्यूज मी कितीतरी काढलेत, एकदा त्या चांदीमागं पूर्ण जुडगाच एकमेकांत चिकटून गोळा झालेला, दोन दिवस लागले सोडवायला.

ॲम्पवाल्यांना एक सांगणं. बॅटरीवरून थेट वायर ओढता ना, तिचा मोठा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत पाहिजे. लोक तो सीटखाली ॲम्पजवळ बसवतात कारण सोयीचं पडतं. मग इंजिनकडून आत येताना फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनच्या मधल्या) पत्र्यावर वायर घासली तर बॅटरी आणि पत्रा यांच्यामध्ये अडवायला कोणीच नाही. त्या भोकात रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी रिंग) नसेल तर वायर टाकूच नका.

आणि जुन्या गाड्या. माझ्याकडं पद्मिनी यायच्या, कॅसेट प्लेअरच्या काळात स्पीकरची एक बाजू बॉडीलाच अर्थ केलेली असायची, एक वायर वाचायची. आताच्या सेटला ते चालत नाही, त्याच्या स्पीकरच्या दोन्ही वायरींत सिग्नल असतो, निगेटिव्ह बॉडीला लागली की सेट प्रोटेक्टमध्ये जातो (स्वतःच बंद होतो) किंवा आतला आयसी, म्हणजे चिप जळते. कोणी हौसेनं जुनी गाडी नटवत असेल तर प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र वायरी टाका आणि स्टिरिओला जोडण्याआधी मीटरच्या बीपवर बॉडीशी तपासा, बीप वाजता कामा नये.

पुण्याहून परत मीच

सांगलीचे काका, मनापासून आभार. तुमचं वाचून आज सकाळी परत डॅशबोर्ड खोलला. स्क्रूचं भोक पडलेली वायर मी बदलली होती, पण २० चा फ्यूज असताना बाकीच्या वायरींचं काय झालं ते बघितलंच नव्हतं. त्या पिवळीला चिकटून गेलेल्या दोन स्पीकर वायरींचं आवरण मऊ होऊन चपटं झालेलं, बोटाने दाबलं तर आतली तार हाताला लागत होती. तेवढा तुकडा कापून नवीन टाकला, सोल्डर, स्लीव्ह, आणि सगळ्या जुडग्याला कापडी टेप. फ्यूज १० चाच, लाल. दुपारी खंबाटकी घाट चढून वाईला आलोय, इथूनच लिहितोय, केबिन लाईट चालू आहे.