शब्दचर्चा: 'पायलट' आणि 'फीजिबिलिटी' यांना मराठीत काय म्हणावं?

संमतीपत्रकं आणि रुग्णांसाठीची माहितीपत्रकं मराठीत आणणं हे माझं रोजचं काम. परवा एका अभ्यासाचं पत्रक हाती आलं आणि मथळ्यातच अडखळले: 'पायलट अँड फीजिबिलिटी स्टडी'. आधीच्या मसुद्यात त्याचं 'प्रायोगिक अभ्यास' झालं होतं. तो मसुदा ओपीडीत वाचून दाखवला तेव्हा मी तिथेच होते. एका मावशींनी कागदावर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे आधी आमच्यावर प्रयोग, आणि मग चांगलं औषध दुसऱ्यांना?" अंगठ्यासाठी उघडलेलं स्टॅम्पपॅड डॉक्टरांनी मिटवलं आणि पहिल्यापासून समजावायला घेतलं. मावशींचं काहीच चुकलं नव्हतं, शब्दच तसा होता.

इंग्रजीतही हे दोन शब्द बरीच वर्षं हवे तसे वापरले जात. २०१६ साली लंडनच्या सँड्रा एल्ड्रिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्याख्या नीट बांधल्या. त्याच वर्षी 'कन्सॉर्ट' या अहवाललेखनाच्या नियमावलीला पायलट चाचण्यांसाठी पुरवणी जोडली गेली. त्यांच्या मते फीजिबिलिटी हा मोठा शब्द: हे काम होण्यासारखं आहे का, पुढे जावं का, जायचं तर कसं? पायलट हा त्याच्या पोटातला. त्यात पुढचा अभ्यास, किंवा त्याचा एखादा भाग, लहान प्रमाणावर खरोखर करून बघतात. 'दर पंधरा दिवसांनी रक्त द्यायला याल का?' असं रुग्णांना नुसतं विचारलं तर ती फीजिबिलिटी. तीस जणांना खरंच बोलावून रक्त घेतलं तर पायलट.

सरकारी मराठीत 'पथदर्शी' आणि 'व्यवहार्यता' रुळलेत. ते चालवावेत का?

प्रतिसाद:
'पथदर्शी' व्युत्पत्तीला धरून आहे. पायलट हा मुळात जहाजावरचा. ग्रीकमध्ये 'पेडॉन' म्हणजे वल्हं, सुकाणूचं वल्हं. तिथून इटालियन आणि फ्रेंचमार्गे शब्द इंग्रजीत आला. बंदरात शिरणाऱ्या जहाजाला आजही पायलटच वाट दाखवतो. पण वाटाड्याला वाट आधी ठाऊक असते, आणि इथे तर वाट आहे की नाही हेच बघायचंय. अंधाऱ्या खोलीत भिंतीवरून हात फिरवत दार शोधतो, तसं. म्हणून फीजिबिलिटीला मी 'चाचपणी' म्हणेन. निवडणुकीतल्या 'उमेदवारांच्या चाचपणी'मुळे शब्द थोडा मळलाय, तरी अर्थ जागेवर आहे. पायलटला 'रंगीत तालीम' कसं वाटतं? पोशाख, दिवे, नेपथ्य सगळं खरं, फक्त प्रेक्षक नाहीत.

प्रतिसाद:
मी संख्याशास्त्र शिकवतो. शब्द कोणताही घ्या, पण त्यातून 'शितावरून भाताची परीक्षा' असा अर्थ निघू देऊ नका. नेमकी तीच चूक प्रबंधांमध्ये सर्रास होते. वीस-तीस रुग्ण घ्यायचे, औषध 'लागू पडलं' असा निष्कर्ष काढायचा आणि शीर्षकात पायलट घालून संख्या कमी असल्याची सबब द्यायची. पातेल्यातला भात सारखा शिजतो म्हणून शितावरून कळतो. माणसं तशी नसतात.

समजा ३० पैकी २४ जण शेवटच्या तपासणीला आले. ८० टक्के, छान वाटतं. पण एवढ्या लहान संख्येवरून ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की खरं प्रमाण साधारण ६१ ते ९२ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी असेल. साध्या हजेरीची ही कथा, तर औषधाच्या गुणाबद्दल काय बोलणार! पायलटमधून विचारायचे प्रश्न वेगळे: किती जण तयार झाले, किती गळाले, अर्जातला कोणता रकाना कोराच राहतो, गोळ्या घरी नेल्यावर खरंच घेतल्या जातात का.

प्रतिसाद:
आमच्याकडे सोयाबीन पेरण्याआधी घरच्या बियाण्याची उगवणक्षमता बघतात. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे, दहा-दहाच्या ओळीत, गुंडाळून सावलीत ठेवायचे, पाणी शिंपडत राहायचं. आठवड्याभरात उलगडून कोंब मोजायचे. सत्तर किंवा वर उगवले तर नेहमीच्या मापाने पेरणी. थोडे कमी असतील तर एकरी बियाणं वाढवायचं. फारच कमी असतील तर ते बियाणंच नको. गोणपाटावरून पीक किती येईल हे कुणी सांगत नाही, आणि सत्तरचा आकडा दाणे मोजल्यावर ठरत नाही, आधीच ठरलेला असतो.

प्रतिसाद:
वा, अगदी हेच! चाचण्यांच्या आराखड्यातही असे तीन टप्पे लिहितात: पुढे जा, दुरुस्त करून जा, थांबा. लाल-पिवळा-हिरवा सिग्नलच. मात्र कित्येक ठिकाणी हे आकडे पायलट संपल्यावर लिहिले जातात, आणि मग कुठलाही पायलट 'यशस्वी' ठरतो.

चाचपणीचं मोल दाखवणारं जवळचं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यातलं १९९५-९६ हे वर्ष मुख्यतः निरीक्षणाचं होतं. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी ३९ गावांत घरोघरी जाऊन ७६३ बाळांची पाहणी केली. आजारी बाळांवर घरीच उपचार त्यानंतर सुरू झाले. त्याला कुणी पायलट म्हटलं नसेल, पण बाळंतिणीच्या खोलीत कार्यकर्तीला प्रवेश मिळतो, नोंदी धड होतात, आजार किती आणि कोणते आहेत, हे उपचाराआधी हातात होतं.

मूळ चर्चाप्रस्तावक:
सगळ्यांचे आभार. 'प्रायोगिक' काढून टाकलं. मथळ्यात 'पूर्वचाचपणी अभ्यास' घेतलंय आणि खाली सरळ लिहिलंय: "हे औषध गुणकारी आहे की नाही, हे या अभ्यासातून कळणार नाही. पुढे मोठा अभ्यास करायचा झाला तर तो नीट पार पडेल का, एवढंच बघायचं आहे. त्यासाठी तुम्हाला सहा वेळा यावं लागेल." पहिलं वाक्य गाळावं, लोक नाही म्हणतील, असं मला सुचवण्यात आलं. मी ते ठेवलंय. ते वाचून किती जण नाही म्हणतात, हेही चाचपणीतच मोजायला हवं.

एक अडचण उरली. 'इंटर्नल पायलट'मध्ये मुख्य चाचणीचेच पहिले काही रुग्ण घेतात आणि त्यांची माहिती शेवटच्या हिशेबात धरतात. तिथे 'रंगीत तालीम' बसत नाही, कारण तिकिटं विकून झालेली असतात. शेतीतला किंवा रंगभूमीवरचा एखादा शब्द सुचतोय का कुणाला?