शब्दचर्चा: बूटलोडर कर्नलला पॅरामीटर ‘पाठवतो’ का?

प्रश्न

लिनक्सची ओळख करून देणारा एक मजकूर तपासतोय. त्यात हे वाक्य आहे: ‘बूटलोडर कर्नलला आरंभीचे प्राचल पाठवतो.’ (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, बूटलोडर म्हणजे यंत्र चालू होताना तो मेमरीत आणणारा छोटा प्रोग्रॅम, प्राचल म्हणजे पॅरामीटर.) अर्थ लागतो, पण वाक्य खटकतं. ‘पाठवतो’ बरोबर आहे का? ‘प्राचल’ मराठीत कुणी म्हणतं का? पुढे ‘कमांड लाइन’साठी ‘आज्ञा-ओळ’ असा शब्द आलाय. ती ओळ साधारण अशी असते: ‘रूट=/डेव्ह/एसडीए२ आरओ क्वायट’. (मूळ अर्थातच रोमन लिपीत, इथे उच्चार लिहिलाय.) यात आज्ञा कुठली?

प्रतिसाद १

‘पाठवतो’ काढाच. पाठवलेल्या गोष्टीची पोच येते, नाही आली तर ती पुन्हा पाठवता येते. इथे तसलं काही नाही. बूटलोडर चालू असतो तेव्हा कर्नल म्हणजे मेमरीत आणून ठेवलेले नुसते बाइट. कर्नल जागा होतो तेव्हा बूटलोडरचा कारभार आटोपलेला असतो. ‘हे नीट कळलं नाही, परत सांग’ म्हणायला समोर कुणी नाही. पाळी संपवून निघालेला माणूस पुढच्यासाठी टेबलावर चिठ्ठी ठेवतो, तसला हा प्रकार.

आणि टेबल कुठलं, हे आधी ठरलेलं असावं लागतं. एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडी पद्धतीच्या प्रोसेसरवर, लिनक्सचा लेखी बूट-करार आहे. बूटलोडर ती ओळ मेमरीत कुठेतरी लिहितो, शेवटी शून्य बाइट घालतो, आणि ओळीचा पत्ता ४०९६ बाइटच्या एका पानात ठरलेल्या रकान्यात भरतो. या पानाला ‘झीरो पेज’ म्हणतात. मग त्या पानाचा पत्ता एका रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात, ठेवायचा (३२ बिटला ईएसआय, ६४ बिटला आरएसआय) आणि कर्नलच्या सुरुवातीच्या पत्त्यावर उडी मारायची. म्हणजे प्रत्यक्ष हातात पडतो तो फक्त एक आकडा. तो पत्ता, त्या पत्त्यावर पान, पानात दुसरा पत्ता, आणि तिथे ओळ. कर्नल जागा झाल्या झाल्या ती ओळ स्वतःच्या राखीव जागेत उतरवून घेतो, कारण मूळ जागा पुढे दुसऱ्या कशाला तरी वापरली जाऊ शकते.

म्हणून मी ‘ठेवून जातो’ म्हणेन. फार बोलीतलं वाटत असेल तर ‘हवाली करतो’.

प्रतिसाद २

‘प्राचल’ हिंदीतून आलेला दिसतो. मराठी गणितात पॅरामीटरला ‘प्रचल’ म्हणतात, विश्वकोशातही तोच आहे. पण तो राशींसाठी घडवलेला शब्द. वक्राच्या समीकरणात तो शोभतो, ‘क्वायट’ला प्रचल म्हणणं जरा जड जातं. ‘क्वायट’ म्हणजे सुरू होताना पडद्यावर बडबड करू नकोस, एवढंच.

शिवाय या वस्तूला सगळीकडे एकच नाव आहे असंही नाही. लिनक्सच्या कागदपत्रांत ‘पॅरामीटर’. यू-बूट या बूटलोडरमध्ये त्याच ओळीचं नाव ‘बूटआर्ग्ज’, म्हणजे आर्ग्युमेंट. मॅकवर ‘बूट-आर्ग्ज’. विंडोजच्या जुन्या ‘बूट.आयएनआय’ फाइलीत त्यांना ‘स्विच’ म्हणत. यूईएफआय (पीसीचं आधुनिक फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम) म्हणतं ‘लोड ऑप्शन्स’. वस्तू तीच, घर बदललं की नाव बदलतं. त्यामुळे मराठीत एकच शब्द सगळीकडे लादण्यापेक्षा ज्या घराबद्दल लिहिताय तिथला शब्द देवनागरीत घ्यावा, आणि सर्वसाधारण बोलायचं असेल तिथे ‘पर्याय’ किंवा ‘सूचना’ म्हणावं.

प्रतिसाद ३

‘पर्याय’ ला माझा विरोध. पर्याय म्हणजे याऐवजी ते. ‘रूट=’ हा कशाला पर्याय नाही, मूळ फाइलव्यवस्था कुठल्या विभाजनावर आहे ते सांगणारी माहिती आहे. ती चुकली तर कर्नल ‘पॅनिक’ होऊन तिथेच थांबू शकतो. ‘आरओ’ मात्र खरंच पर्याय आहे: ‘आरडब्ल्यू’ तरी लिहा नाहीतर ‘आरओ’, म्हणजे आधी फक्त वाचण्यापुरती जोड.

प्रोग्रॅमर मंडळी पॅरामीटर आणि आर्ग्युमेंटमध्ये फरक करतात: पॅरामीटर म्हणजे फंक्शन लिहिताना ठेवलेली जागा, आर्ग्युमेंट म्हणजे ते वापरताना त्या जागी घातलेली किंमत. त्या न्यायाने ‘रूट’ हा पॅरामीटर आणि ‘/डेव्ह/एसडीए२’ हे आर्ग्युमेंट. मराठीत ‘नाव’ आणि ‘किंमत’ म्हटलं की भागतं, परिभाषा लागत नाही.

प्रतिसाद ४

‘आज्ञा-ओळ’बद्दल. कमांड लाइन हा शब्द शेलमधून, म्हणजे टंकलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून, आलाय. तिथे ओळीतला पहिला शब्द आज्ञेचा असतो, बाकीचे तिचे सोबती. ग्रब या बूटलोडरच्या मेनूत ‘ई’ दाबून बघा: ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी एक ओळ दिसेल. त्यात आज्ञा ‘लिनक्स’, मग कर्नलच्या फाइलीचा मार्ग, आणि उरलेलं ते आपलं शेपूट. ही आज्ञा ग्रबसाठी आहे. कर्नलपर्यंत जातं ते बहुतांशी शेपूटच. जुन्या लिलो बूटलोडरमध्ये हे शेपूट ‘अपेंड’ या नावाखाली लिहीत, ते जास्त प्रामाणिक वाटतं.

तरी मी ‘कमांड लाइन’च ठेवेन. यंत्र सुरू झाल्यावर ती ओळ ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’ या फाइलीत वाचायला मिळते, वाचक उद्या तीच शोधणार. ‘बूटओळ’ हा शब्द कुणी सुचवायच्या आत सांगतो: ऐकल्यावर बुटांची रांग डोळ्यांपुढे येते. (इंग्रजीतही ‘बूटस्ट्रॅप’ चपला-बुटांच्या दुनियेतूनच आलाय म्हणा.)

एक गोष्ट मजकुरात नक्की घाला. ही फाइल यंत्रावरच्या कुठल्याही वापरकर्त्याला वाचता येते, तेव्हा त्या ओळीत पासवर्ड लिहायचा नाही.

प्रतिसाद ५

पहिल्या प्रतिसादाला छोटी पुरवणी. ‘समोर कुणी नाही’ हे नेहमीच खरं नाही. यूईएफआयवर कर्नल स्वतःच एक ईएफआय प्रोग्रॅम म्हणून सुरू होऊ शकतो. तेव्हा फर्मवेअर अजून जागं असतं आणि कर्नलचा सुरुवातीचा तुकडा त्याला विचारून ‘लोड ऑप्शन्स’ मिळवतो. ती ओळ यूटीएफ-१६ या अक्षरसंकेतात असते, ती तो यूटीएफ-८ मध्ये उतरवून घेतो. तिथे ‘ठेवतो’ पेक्षा ‘मागून घेतो’ शोभेल.

एआरएम प्रोसेसरांकडे वेगळीच तऱ्हा. ३२ बिटच्या जुन्या पद्धतीत आर० रजिस्टरमध्ये शून्य, आर१ मध्ये यंत्राचा नोंदणी क्रमांक आणि आर२ मध्ये ‘एटॅग’ नावाच्या यादीचा पत्ता असे. आता त्या यादीच्या जागी डिव्हाइस ट्री (यंत्रातल्या उपकरणांचं झाडासारखं वर्णन) आलं. ६४ बिटला त्याचा पत्ता एक्स० मध्ये असतो. त्या झाडात ‘चोझन’ नावाची एक फांदी असते. ती कुठलंही खरं उपकरण दाखवत नाही, निरोपापुरतीच राखलेली आहे. कमांड लाइन तिच्यातच, ‘बूटआर्ग्ज’ या नावाखाली.

मल्टिबूट नावाचा बूट-करार पाळणारे तर ईएएक्स रजिस्टरमध्ये एक खुणेचा आकडा ठेवायला लावतात, म्हणजे आपल्याला करार पाळणाऱ्यानेच उठवलंय हे कर्नलला कळतं. तो आकडा हेक्समध्ये (सोळा अंकांच्या पद्धतीत) लिहिला की त्यात ‘बॅड बूट’ असं काहीसं वाचता येतं. माहितीचा पत्ता ईबीएक्समध्ये.

प्रश्नकर्ता

आभार. वाक्य आता असं केलंय: ‘बूटलोडर कर्नलसाठी एक कमांड लाइन मेमरीत ठेवतो आणि तिचा पत्ता कर्नलच्या हवाली करतो.’ प्रचल-प्राचल दोन्ही गेले. पुढचा परिच्छेद ‘कर्नल पॅरामीटर’ या शीर्षकाखाली आहे, ते तरी चालेल ना?

प्रतिसाद १

वाक्य ठीक. शीर्षक रूढ आहे म्हणून चालेल, पण खाली एक ओळ टाका, कारण त्या यादीतलं सगळं कर्नलसाठी नसतं. कर्नल शब्दागणिक बघतो: ओळखीचा असेल तर स्वतः घेतो. नावात टिंब असेल तर तो कुठल्यातरी मॉड्यूलचा (कर्नलला जोडता येणाऱ्या तुकड्याचा) समजतो. दोन्ही नसेल तर पहिल्या प्रोग्रॅमकडे, म्हणजे इनिटकडे, पुढे सरकवतो: ‘नाव=किंमत’ असं असेल तर ते इनिटच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रोग्रॅमला सोबत मिळणाऱ्या नाव-किंमत यादीत) जातं, नुसता शब्द असेल तर आर्ग्युमेंट म्हणून. ‘सिंगल’ हा शब्द असाच इनिटपर्यंत पोचतो. दोन आडव्या रेघांनंतरचं सगळं तर न बघताच इनिटचं. त्यामुळे ‘क्वायट’ऐवजी ‘क्वाएट’ टंकलं तर कर्नल रुसत नाही, तो शब्द निमूटपणे इनिटला देऊन मोकळा होतो आणि पडद्यावरची बडबड चालूच राहते. अलीकडचे कर्नल निदान असे अनोळखी शब्द लॉगमध्ये नोंदवतात.

नावातली आडवी रेघ आणि अंडरस्कोर मात्र त्याला सारखेच.

प्रतिसाद ३

आणि लांबीची मर्यादा. एक्स८६ वर शेवटचा शून्य बाइट धरून २०४८ बाइट. जुन्या बूट-करारात तर २५५ अक्षरांवर काम भागवावं लागे. जागा पुरेना म्हणून २०२० मध्ये ५.६ आवृत्तीत ‘बूटकॉन्फिग’ आलं: सूचनांची फाइल इनिटआरडीच्या (सुरुवातीला मेमरीत आणल्या जाणाऱ्या तात्पुरत्या फाइलसंचाच्या) शेपटीला जोडायची, ३२ किलोबाइटपर्यंत. तिथे ‘ओळ’ हा शब्दच गैरलागू, फाइलीत शाखा-उपशाखा असतात.

तुमच्या मजकुरात ‘कन्सोल=’ (कर्नलने संदेश कुठे दाखवायचे ते सांगणारं नाव) येत असेल तर सांभाळा. ‘एकच नाव दोनदा आलं तर शेवटचं धरलं जातं’ असं सरसकट लिहू नका. ‘रूट=’ ला ते लागू आहे, पण ‘कन्सोल=’ दोनदा दिलं तर कर्नलचे संदेश दोन्हीकडे जातात, आणि ‘/डेव्ह/कन्सोल’ मात्र शेवटचा ठरतो. म्हणजे एकाच ओळीत एक नाव मागचं पुसतं, दुसरं मागच्यात भर घालतं. शब्दसूचीत दोन्हींसाठी ‘अधिलेखन’ लिहिलं असेल तर दुसऱ्या ठिकाणी ‘भर’ करा.