विषय: माळ्यावरचा स्पेक्ट्रम, देऊ का भंगारात?

मंडळी,
चवथीला फोंड्याला घरी आलेय. माटोळीची (गणपतीवर फळं-पानं टांगतात ती) चौकट काढायला माळ्यावर चढले, तर ट्रंकेत बाबांचा झेडएक्स स्पेक्ट्रम, टीव्हीला जोडायचा तो जुना घरगुती कॉम्प्युटर! ४८ केबी मेमरीवाला, रबरी बटणांचा. भाऊ म्हणतो भंगारवाल्याला दे. मन होत नाही, पण शोकेसमध्ये ठेवून धूळ पुसत बसायचीही हौस नाही. काही उपयोग होईल का?
– ताई

ताई, आतलं काढून टाक आणि रास्पबेरी पाय, तो तळहाताएवढा कॉम्प्युटर, बसव. वरून जुना, आतून नवा. आमच्या लेकाने केलंय.
– लीड्सचा भाऊजी

भाऊजी, चालू मशीनचं पोट फाडायचं? बंद असतं तर गोष्ट वेगळी.

ताई, आधी एक कर. बाजारातला कुठलाही ९ व्होल्टचा अडॅप्टर लावू नकोस. त्यांच्या पिनेत मध्ये बहुधा प्लस असतो, स्पेक्ट्रमला मध्ये मायनस लागतो. उलटं लावलंस तर मशीन जाईल. प्रोग्रॅम कॅसेटवरून भरायचे, पण कॅसेटची काळजी नको. प्रोग्रॅमची ऑडिओ फाइल फोनवर वाजव, वायर ‘इअर’च्या भोकात घाल, ‘लोड’ होतं.

आणि उपयोग म्हणशील तर तुझी मावशी गाणं शिकवते ना? त्याच्या बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सूर वाजवायची ‘बीप’ आज्ञा आहे. पहिला आकडा सेकंद, दुसरा सूर. ० म्हणजे पांढरी एकचा सा, ४ म्हणजे पेटीचा शुद्ध गांधार. पण अपूर्णांकही चालतो! १९८२ सालच्या त्याच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की भारतीय संगीतात अर्ध्या स्वराहून बारीक अंतरं असतात, तीही वाजवता येतात. तानपुऱ्यात ऐकू येतो तो गांधार ३.८६. पोरांना दोन्ही पाठोपाठ ऐकव. पेटी हे करू शकत नाही.
– नाना

नाना,
हॉलमधल्या फ्लॅट टीव्हीने सिग्नल पकडलाच नाही. शेजारच्या काकूंच्या डबा टीव्हीवर चित्र आलं, आरतीला जमलेली सगळी पोरं तिथेच. पण कीबोर्डच्या आतली पट्टी, म्हणजे मेम्ब्रेन, कुठेतरी चिरलीय, १ ते ५ पाचही बटणं ठार. म्हणजे ना ४ देता येत, ना ३.८६. नवी मेम्ब्रेन मागवलीय, ती येईपर्यंत भाच्याने वजाबाकीची तोड काढली. ‘बीप ८, ७०-६६’ आणि मग ‘बीप ८, ९.८६-६’.

आवाज डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा. मावशी डोळे मिटून ऐकत होती. दुसरा वाजला तशी म्हणाली, “हा. पहिला चढलाय.” मग पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाली, “आता निषाद लाव.”

निषादाचा आकडा काय, नाना? १ ते ५ सोडून सांगा.
– ताई