बारावीनंतर लॅब टेक्निशियन: एक वर्षाचा डीएमएलटी, बीएस्सी एमएलटी की बीपीएमटी?

औसेकर
नमस्कार. धाकट्या बहिणीची बारावी सायन्स झाली, पीसीबीला ५८ टक्के आहेत. तिला लॅबमध्येच काम करायचं आहे, ते पक्कं आहे. तालुक्याच्या गावी एका संस्थेत बारावीवर एक वर्षाचा डीएमएलटी (लॅब तंत्राचा डिप्लोमा) आहे, 'नोकरीची हमी' असा बोर्ड आहे. दुसरा पर्याय म्हणजे बाहेर राहून डिग्री. घरच्यांना वाटतं लवकर हाताशी काम लागावं. मला विचारायचं आहे की एका वर्षाच्या कोर्सवर काम मिळतं का, पुढे स्वतःची लॅब टाकता येते का, आणि संस्था निवडताना नेमकं काय बघायचं?

सेंट्रिफ्यूज
काम मिळतं. छोट्या लॅबना सकाळी सात वाजता सॅम्पल घ्यायला माणूस हवाच असतो. पण दहा वर्षांनी ती तिथेच असावी का, हा प्रश्न आधी सोडवा.

एक वर्षाचा डीएमएलटी मुळात बीएस्सी झालेल्यांसाठी शोभतो. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात (अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स) अलाइड हेल्थ प्रोफेशनलसाठी किमान २००० तासांचं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं शिक्षण धरलं आहे. हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी किमान ३६०० तास आणि तीन ते सहा वर्षांची डिग्री. बारावीवरचं एकच वर्ष या व्याख्येत बसवणं अवघड आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (पॅरामेडिकल तंत्राची पदवी) तीन वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप, आणि तो मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात होतो. माझा कौल तिकडे. तो नाहीच जमला तर विद्यापीठाची बीएस्सी एमएलटी (लॅब तंत्राची पदवी).

फी भरण्याआधी संस्थेला दोन गोष्टी लेखी विचारा: सर्टिफिकेट कोणत्या विद्यापीठाचं वा मंडळाचं, आणि मागच्या बॅचच्या मुलांची महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी झाली का. दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाचं 'स्टडी सेंटर' असेल तर तिथेच सावध व्हा.

मग लॅब बघायला जा, आणि सकाळीच जा. हॉस्पिटल जोडलेलं आहे का? एका मायक्रोस्कोपमागे किती मुलं? कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) तिथेच लावतात की बाहेर पाठवतात? मुलांच्या हातात सुई कधी देतात? फक्त मोठी मशीन दाखवली आणि स्टेनिंगचं (स्लाइड रंगवायचं) सिंक कोरडं ठणठणीत असेल तर परत या.

जांभळी टोपी
वरच्याशी सहमत, पण डिग्री घेऊनही हात कच्चे राहिलेली मुलं पुष्कळ येतात. कोर्स कोणताही असो, बहुतेक चुका मशीनमध्ये नाही, सॅम्पल मशीनपर्यंत पोचण्याआधी होतात. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत हे पक्कं व्हायला हवं:

ट्यूब भरायचा क्रम (रंग टोपणाचे). आधी ब्लड कल्चर, मग निळी (सायट्रेट), लाल वा पिवळी, हिरवी, जांभळी (ईडीटीए) आणि शेवटी राखाडी (फ्लोराइड). जांभळीतलं ईडीटीए पोटॅशियमचं क्षार असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. त्याचा अंश लाल ट्यूबमध्ये गेला की पोटॅशियम वाढलेलं, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज कमी. धडधाकट माणसाचं पोटॅशियम ७.५ आणि कॅल्शियम ५ दिसलं तर डॉक्टरांना फोन करण्याआधी ट्यूब कशा भरल्या ते विचारा. एका ट्यूबमधलं रक्त दुसरीत ओतणं हा याहून मोठा गुन्हा.

निळी ट्यूब रेषेपर्यंतच भरायची, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. कमी भरली तर पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) उगाच लांबते, आणि वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्या पेशंटचा डोस त्यावर बदलला जातो.

टुर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) एक मिनिटाच्या वर नको. ईडीटीए ट्यूब आठ-दहा वेळा हळुवार उलटायची, हलवायची नाही. लाल ट्यूब अर्धा तास गोठू दिल्याशिवाय सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची नाही, नाहीतर सीरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात आणि मशीनचा प्रोब (सॅम्पल ओढणारी नळी) तुंबतो. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच पडून राहिलं तर पेशी दर तासाला अंदाजे ५ ते ७ टक्के साखर खातात. खेड्यावरून दुपारी आलेल्या सॅम्पलमध्ये साखर ६० दिसते ती यामुळे.

आणि क्यूसी, म्हणजे मशीन बरोबर मोजतं का याची तपासणी. सलग दोन वेळा कंट्रोल (ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं ते सॅम्पल) एकाच बाजूला २ एसडीच्या (स्टँडर्ड डेव्हिएशन) बाहेर गेला तर रिएजंट किंवा कॅलिब्रेशन बघायचं. एकदाच ३ एसडीच्या बाहेर उडाला तर आधी बुडबुडा, पिपेट, कंट्रोल नीट विरघळला का ते. 'आत येईपर्यंत कंट्रोल परत लावत राहा' असं शिकवणारी लॅब असेल तर ती सोडावी, कारण तिथे पेशंटचा रिपोर्ट नशिबावर जातो. मुलाखतीत मी लेव्ही-जेनिंग्ज चार्ट (रोजच्या कंट्रोलचा आलेख) समोर ठेवते. निम्म्या उमेदवारांचं तिथेच कळतं.

सेंट्रिफ्यूज
यात लिशमन स्टेन (रक्ताची स्लाइड रंगवायचा रंग) जोडतो. बफरचा पीएच ६.८ च्या आसपास हवा. नळाच्या क्षारयुक्त पाण्याने धुतलं की लाल पेशी निळसर-राखाडी दिसतात आणि मलेरिया वाचणं कठीण जातं. मराठवाड्यात बोअरच्या पाण्याने हे हमखास होतं.

रक्तपेढी
स्वतःच्या लॅबबद्दल कोणी बोललं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर २०१७ च्या निकालानुसार पॅथॉलॉजी रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करायची. टेक्निशियन तपासणी करतो, रिपोर्ट स्वतःच्या सहीने देऊ शकत नाही. म्हणून लॅब टाकायची तर पॅथॉलॉजिस्ट खरोखर येऊन स्लाइड बघणारे हवेत. महिन्याला ठरलेली रक्कम घेऊन सही वापरायला देणारे भेटतील. त्या वाटेला जाऊ नये, पेशंटच्या जिवाशी खेळ आहे तो.

घरच्यांना स्थिर नोकरी हवी असेल तर रक्तपेढीचा विचार करा. ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स नियमांत टेक्निशियनसाठी एमएलटी डिग्री आणि सहा महिन्यांचा अनुभव, किंवा डिप्लोमा आणि एक वर्षाचा अनुभव मागितला आहे. दोन्ही मान्यताप्राप्त संस्थेचे. अनुभव रक्त वा घटकांच्या तपासणीचाच हवा, साध्या पॅथॉलॉजी लॅबचा चालत नाही. काम शिस्तीचं आहे: लाल पेशी २ ते ६ अंशांवर, प्लेटलेट २२ अंशांच्या आसपास सतत हलत्या, आणि त्या पाचच दिवस टिकतात. रात्रपाळी अटळ.

आखातात जायचा विचार पुढे असेल तर आजपासून कागद जपा. डेटाफ्लोच्या (आखातासाठी कागदपत्रं तपासणारी कंपनी) पडताळणीत संस्थेलाच थेट विचारलं जातं. संस्था बंद पडली किंवा लॅबने अनुभवपत्रावर तारखा चुकीच्या लिहिल्या तर अर्ज तिथेच अडकतो. पगार बँकेत जमा होणारी नोकरी धरा, रोखीतला अनुभव सिद्ध करता येत नाही.

औसेकर
खूप मदत झाली. बीपीएमटीचा अर्ज आधी भरतो. जागा नाही मिळाली तर दोन वर्षांचा डिप्लोमा करून मग डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो का?

जांभळी टोपी
काही विद्यापीठं देतात, काही नाही. ज्या विद्यापीठात जायचं त्याच्या प्रवेश नियमांत तुमचा डिप्लोमा चालतो का ते डिप्लोमा घेण्याआधी बघा.

बहिणीला हिपॅटायटिस बीचा पहिला डोस आताच द्या, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लस लागू पडली का ते सांगणारी रक्ततपासणी) करून १० च्या वर आहे ना ते तपासा. कॉलेजात सुया हातात येतील तेव्हा निदान दोन डोस झालेले असावेत. आणि सुई टोचलीच तर बोट पिळायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी हॉस्पिटल गाठायचं. एचआयव्हीचं औषध दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही.