युरोपा युनिव्हर्सालिस ४: जंजिऱ्याचा वेगळा प्रांत केला की गेम बंद पडतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

'युरोपा युनिव्हर्सालिस ४' या ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेमसाठी शिवकाळाचा मॉड (मूळ गेममध्ये आपण केलेला बदल) बनवतोय. मूळ गेम ११ नोव्हेंबर १४४४ला सुरू होतो, मला तो ६ जून १६७४पासून, म्हणजे राज्याभिषेकापासून हवा आहे. राजे, सीमा वगैरे हिस्टरी फोल्डरात तारखा टाकून बसवलंय, ते नीट चालतं. घोडं अडलंय जंजिऱ्यापाशी.

जंजिरा मला पाण्यातला, सुटा प्रांत म्हणून हवाय. प्रॉव्हिन्सेस.बीएमपीमध्ये (प्रत्येक प्रांत वेगळ्या रंगात असलेला नकाशा) राजपुरीच्या खाडीसमोर नवा रंग भरला, डेफिनिशन.सीएसव्हीत (कोणता रंग कोणत्या प्रांताचा याची यादी) तोच आरजीबी, म्हणजे रंगाचे आकडे, आणि नवा क्रमांक दिला, हिस्टरीत प्रांताची फाइल केली. आता नकाशा लोड होता होता गेम गपकन बंद पडतो. एरर लॉग भरून वाहतोय, त्यातलं नेमकं काय बघायचं तेच कळत नाही.

आकाराचाही घोळ आहेच. नकाशा ५६३२ पिक्सेल रुंद आणि त्यात अख्खी पृथ्वी, म्हणजे विषुववृत्तापाशी एक पिक्सेल मोटामोटी ७ किलोमीटरचा. जंजिरा जेमतेम २२ एकर! खऱ्या मापाने काढला तर पिक्सेलचा कोपरासुद्धा भरायचा नाही. किती फुगवलेला चालेल?

किल्ल्याला नुसता 'अजिंक्य' मॉडिफायर (गुण वाढवणारा-घटवणारा शिक्का) डकवायचा नाहीये. जंजिरा टिकला तो एकट्या तटबंदीवर नाही. समुद्राकडून त्याची रसद तोडता आली नाही, शिवाय मोगल पाठीशी होते. गेममध्ये किनाऱ्यावरच्या किल्ल्याला वेढा घालताना समुद्रातून नाकेबंदी नसेल तर वेढ्याच्या फाशाच्या आकड्यात वजाबाकी होते. तो नियम इथे आयता बसतो.

आणखी एक. १६८२मध्ये संभाजीराजांनी किनाऱ्यापासून जंजिऱ्यापर्यंत दगडांचा भराव टाकायला घेतला होता. तो डिसिजनमधून (खेळाडूने बटण दाबून घ्यायचा निर्णय) आणता येईल का, की पैसा ओतला की पायदळाला वाट मिळाली?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद:

विषय झकास घेतलात. आधी डिफॉल्ट.मॅप उघडा. त्यातला मॅक्स प्रॉव्हिन्सेसचा आकडा तुमच्या शेवटच्या क्रमांकाहून मोठा हवा. मग नवा प्रांत कॉन्टिनेंट आणि एरियाच्या फाइलींत घातलाय का ते बघा. कॉन्टिनेंट राहिलं तरी गेम उडतो.

रंग कशाने भरलात? मऊ ब्रश असेल तर कडेला मधल्याच छटा उमटतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण डेफिनिशनमध्ये नसलेला एकही रंग गेमला खपत नाही. पेन्सिल टूल घ्या, अँटी-एलिअसिंग (कडा मऊ करणारी सोय) बंद करा आणि २४ बिट बीएमपीतच सेव्ह करा. आकाराचं मनावर घेऊ नका. माऊसने टिचकी मारता येईल आणि वर किल्ला न् फौज मावेल इतका फुगवा, बंदराची जागा मात्र पाण्यात पडू द्या.

भरावाचं सांगायचं तर अ‍ॅडजेसन्सीज.सीएसव्ही (प्रांतांमधल्या खास वाटांची यादी) लोड होताना एकदाच वाचली जाते, खेळ चालू असताना नवी वाट उघडत नाही. मी असतो तर सामुद्रधुनीची वाट पहिल्यापासूनच ठेवली असती. शत्रूचं आरमार तिथे उभं असेल तर फौजेला ती ओलांडता येत नाही, म्हणजे सिद्दीची गलबतं हटवल्याशिवाय मराठ्यांना रस्ता नाहीच. डिसिजनने मग फक्त किल्ल्याचं लोकल डिफेन्सिव्हनेस, म्हणजे वेढ्याला तोंड देण्याची ताकद, उतरवायचं.

एवढं करून जमलं नाही तर एरर लॉगच्या पहिल्या काही ओळी इथे डकवा. खालच्या बहुतेक त्यांच्यातूनच निघालेल्या असतात.