बॅटरी गाडीसोबत घ्यावी की भाड्याने? हिशोब, मोजणी आणि करारातली कलमे

सरळरेषा

इलेक्ट्रिक कार घ्यायची आहे. एकाच मॉडेलला दोन किमती सांगितल्या आहेत: बॅटरीसकट आणि बॅटरी वगळून. दुसऱ्या पर्यायात बॅटरी एका वित्त कंपनीच्या मालकीची राहणार. भाडे किलोमीटरमागे, पण महिन्याला किमान १५०० किलोमीटरचे पैसे भरावेच लागणार. माझे धावणे महिन्याला ९०० ते १००० आहे. बॅटरी गाडीत कायमची बसवलेली आहे, स्टेशनवर बदलून मिळणारी नाही.

दोन पर्यायांची तुलना नेमकी कशी करायची? बॅटरी उतरली हे कोण ठरवणार आणि कसे मोजून? मध्येच गाडी विकायची झाली तर काय अडचणी येतात? "टेन्शन फ्री" छापाची उत्तरे विक्रेत्याकडून भरपूर मिळाली आहेत, आकडे आणि कलमे हवी आहेत.

हिशोबनीस

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. किलोमीटरमागचे भाडे म्हणजे विजेचा खर्च नव्हे. वीज वेगळी भरायचीच आहे. जाहिरातीतला तो छोटासा आकडा लोक थेट पेट्रोलच्या खर्चाशी ताडून बघतात आणि तिथेच फसतात. दोन्ही पर्यायांत वीज सारखीच लागते, म्हणून तुलनेतून ती काढूनच टाका.

बॅटरीची किंमत म्हणजे दोन किमतींमधला फरक. सुट्या भागांच्या यादीतली किंमत धरू नका, ती बरीच चढी असते. फरकाच्या रकमेवरचा कर, नोंदणीचा खर्च आणि विम्याच्या हप्त्यातला फरक हेही त्यात घाला. हे सगळे मिळून १०० धरू.

विकत घेतली, आणि त्यासाठी वार्षिक ९ टक्क्यांनी, घटत्या शिलकीवर, ५ वर्षांचे कर्ज काढले तर हप्ता महिना २.०८ बसतो. पाच वर्षांत साधारण १२४.५ भरले जातात. बहुतेक जण भाड्याची तुलना या २.०८ शी करतात आणि भाडे स्वस्त म्हणून मोकळे होतात. पण पाच वर्षांनी बॅटरी तुमच्या मालकीची असते आणि तिला किंमत असते. ती ४० उरली असे समजा. ९ टक्क्यांनीच आजच्या पैशात आणली तर २५.५ होते. म्हणजे पाच वर्षे बॅटरी वापरण्याचा निव्वळ खर्च ७४.५, आणि तो ६० महिन्यांवर पसरला की महिना १.५५.

तर तुमची सीमारेषा २.०८ नाही, १.५५ आहे. महिन्याचे भाडे करासकट बॅटरीच्या किमतीच्या १.५५ टक्क्यांहून कमी असेल तरच भाडे स्वस्त.

उरलेली किंमत बदलली की रेषा सरकते. ५ वर्षांनी ६० उरणार असे वाटत असेल तर १.२८, फक्त २० उरणार असेल तर १.८१. मुदतीचाही परिणाम आहे. गाडी ३ वर्षेच ठेवायची आणि तेव्हा बॅटरी ६० ची असेल तर रेषा १.७२ वर जाते. ८ वर्षे ठेवायची आणि शेवटी १५ उरली तर १.३६ वर येते. थोडक्यात, गाडी लवकर बदलणाऱ्याला आणि बॅटरीच्या उरल्या किमतीवर विश्वास नसलेल्याला भाडे परवडण्याची शक्यता जास्त.

कलमबहाद्दर

वरच्या हिशोबाला एक जोड. धावणे किमान मर्यादेच्या आत असेल तर किलोमीटरचा दर बघूच नका, महिन्याचे किमान बिल बघा. ९०० किलोमीटरला १५०० चे पैसे म्हणजे सांगितलेला दर प्रत्यक्षात १.६७ पट. १००० ला दीडपट. विचारण्यासारखी गोष्ट ही की किमान किलोमीटर महिन्याचे मोजतात की वर्षाचे. वर्षाला १८,००० असा करार असेल तर न वापरलेले पुढे जातात आणि लांबच्या प्रवासाच्या महिन्यात जादा बिल येत नाही. तुमच्यासारख्याला मात्र वार्षिक मोजणीचाही फारसा उपयोग नाही, कारण वर्षाचे १२,००० च्या वर जात नाहीत. तुम्हाला कमी किमान मर्यादेची, जास्त दराची योजना आहे का ते विचारा.

किलोमीटर कशावरून मोजतात हेही पाहा. बहुतेक ठिकाणी गाडीतल्या सिमवरून आकडा जातो. नेटवर्क नसेल तेव्हा सरासरीने बिल येते आणि नंतर समायोजन होते. दर महिन्याच्या बिलाच्या तारखेला ओडोमीटरचा फोटो काढून ठेवणे हा सगळ्यात स्वस्त पुरावा.

आता कलमे. मी ज्या क्रमाने करार वाचायला सांगेन तो क्रम असा: आधी बाहेर पडण्याचे कलम, मग विमा, मग थकबाकी, आणि सगळ्यात शेवटी भाडे.

बाहेर पडणे: करारासोबत महिनावार तक्ता हवा, अमुक महिन्यात बॅटरी विकत घेऊन टाकायची तर किती रक्कम. "प्रचलित बाजारभावाने" एवढेच लिहिले असेल तर किंमत ठरवण्याचा हक्क तुम्ही समोरच्याला दिलात. गाडी विकताना हाच तक्ता कामी येतो. नवा मालक करार आपल्या नावावर घेऊ शकतो, पण वित्त कंपनी त्याची पत तपासते आणि नकार देऊ शकते. नकार आला तर बॅटरी विकत घेऊन गाडी विकणे एवढाच मार्ग उरतो. करार हस्तांतरित झाल्याचे लेखी पत्र मिळेपर्यंत भाड्याची जबाबदारी तुमचीच. गाडीचे कर्ज एकाकडे आणि बॅटरीचा करार दुसऱ्याकडे असेल तर ना हरकत पत्रेही दोन लागतात, हे ऐनवेळी कळते.

हा मुद्दा कागदी नाही. रेनॉच्या झोई गाडीची बॅटरी युरोपात सुरुवातीची बरीच वर्षे मुख्यतः भाड्याने दिली जात होती. जुनी झोई घेणाऱ्याला गाडीच्या किमतीवर भाड्याचा करारही गळ्यात घ्यावा लागे, त्यामुळे सेकंडहँड बाजारात भाड्याच्या आणि मालकीच्या बॅटरीच्या गाड्या वेगवेगळ्या भावाने जात. पुढे कंपनीने बॅटरी विकत घेऊन करार संपवण्याची सोय दिली.

विमा: बॅटरीची मालकी दुसऱ्याची, पण गाडीखाली दगड लागून पॅकचे कवच चेपले तर खर्च तुमचा. विम्याच्या कागदावर बॅटरीची किंमत धरली आहे का, आणि गाडी पूर्ण निकामी झाली तर पैसे आधी कोणाला, हे दोन प्रश्न लेखी विचारा. भरपाई बॅटरीच्या शिल्लक रकमेपेक्षा कमी आली तर मधली तफावत तुमच्याकडून वसूल होते. पाणी शिरणे आणि खालून बसलेला मार ही दोन कारणे वॉरंटीत जवळपास नेहमीच वगळलेली असतात, ती विम्यात तरी आहेत याची खात्री करा.

थकबाकी: हप्ता चुकला तर दूरून चार्जिंग बंद करण्याचा हक्क काही करारांत असतो. झोईच्या करारातली अशीच तरतूद २०१३ मध्ये चर्चेत आली होती. किमान किती दिवसांची लेखी सूचना, आणि बिलाबद्दल वाद चालू असताना हा हक्क वापरता येतो का, हे पाहा.

सेलवाला

मोजणीबद्दल. करारात "आरोग्य ७० टक्क्यांखाली गेल्यास" असे काहीतरी असते. ७० टक्के कशाचे? एकूण क्षमतेचे की वापरता येणाऱ्या क्षमतेचे? उत्पादक वरखाली थोडी क्षमता राखून ठेवतात. ४४ युनिटच्या पॅकमधली ४० च वापरायला मिळतात, असे. आकडा युनिटमध्ये (किलोवॅट-तास) लिहून घ्या: "वापरता येणारी क्षमता २८ युनिटखाली गेल्यास". टक्क्यांवर वाद घालता येतो, युनिटवर कमी.

सर्व्हिस सेंटर बहुतेक वेळा बीएमएसने (बॅटरीवर देखरेख ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) सांगितलेला एसओएच, म्हणजे बॅटरीच्या आरोग्याचा टक्का, वाचून दाखवते. तो अंदाज असतो, मोजणी नव्हे. स्वतः मोजायचे तर असे:

पॅक २० ते २५ अंशांवर असताना करा, थंड पॅकची क्षमता कमी दिसते. साध्या एसी चार्जरवर (फास्ट डीसी नव्हे) सावकाश १०० टक्के भरा आणि भरल्यावरही तासभर लावलेलेच ठेवा, म्हणजे सेल बॅलन्स होतात, सगळे एका पातळीला येतात. ट्रिप मीटर शून्य करा. मध्यम, एकसारख्या वेगाने एकाच दिवसात १५ टक्क्यांपर्यंत उतरवा. गाडीने दाखवलेली निव्वळ वापरलेली युनिटे (ब्रेकिंगमधून परत आलेली वजा करून) भागिले वापरलेले टक्के. उदाहरणार्थ ८५ टक्क्यांत २९.७५ युनिट गेली, तर पूर्ण क्षमता ३५. नवी असताना ४० होती, म्हणजे ८७.५ टक्के. एका चाचणीत दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतातच, म्हणून दोन-तीनदा करून सरासरी घ्या.

भिंतीवरच्या मीटरवरून हिशोब करू नका. चार्जिंगमध्ये १० ते १५ टक्के गळती असते, ३५ युनिट भरायला भिंतीतून ३९ ते ४१ जातात आणि बॅटरी आहे त्याहून तगडी वाटते.

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारचा पॅक असेल तर आणखी एक भानगड. याचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे बराच काळ १०० पर्यंत भरला नाही तर बीएमएसचा अंदाज भरकटतो. बॅटरी ठीक असते, टक्केवारी खोटी. उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे ठरावीक दिवसांनी पूर्ण भरा, तक्रार त्यानंतरच करा. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) या दुसऱ्या प्रकाराला मात्र रोज १०० टक्के मानवत नाही, रोजच्या वापराला ८० पुरे.

एसओएच चांगला आणि तरी गाडी २० टक्क्यांवरून एकदम ५ वर येते, असेही होते. सेलचे गट एकामागे एक, मालिकेत जोडलेले असतात, त्यातला एक कमजोर झाला की पॅक तिथेच थांबतो. मालिकेचा नियमच तो. ओबीडी रीडरने (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचे यंत्र) सर्वात वरच्या आणि खालच्या सेलच्या व्होल्टेजमधला फरक बघा, चार्ज कमी असताना आणि मोटर जास्त वीज ओढत असताना. एलएफपीत मधल्या चार्जला हा फरक दिसतच नाही. करारात फक्त क्षमतेचा निकष असेल तर हा बिघाड निसटतो, म्हणून "सेल असमतोल" हे कारण वेगळे लिहून घ्या.

आणि भाड्यात "बॅटरी" म्हणजे काय? सेल, मॉड्यूल (सेलचे संच), बीएमएस, कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा स्विच), पॅकमधला फ्यूज आणि आतल्या थंडाव्याच्या प्लेट्स. १२ व्होल्टची छोटी बॅटरी, गाडीतला चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर, कूलंट पंप आणि चार्जिंग सॉकेट सहसा त्यात नाहीत. भांडण होते ते इन्सुलेशनच्या फॉल्टवर, म्हणजे वीज गाडीच्या सांगाड्यात गळते तेव्हा. गळती पॅकमध्ये आहे, वातानुकूलनाच्या कॉम्प्रेसरमध्ये की हीटरमध्ये, हे एकेक भाग सोडवूनच कळते. त्या तपासणीचे पैसे कोणी द्यायचे ते आधीच ठरवा.

सरळरेषा

सगळ्यांचे आभार. करारात "नवी अथवा समतुल्य बॅटरी" असे शब्द आहेत. समतुल्य म्हणजे? आणि वित्त कंपनीच बुडाली तर?

सेलवाला

समतुल्य म्हणजे बहुधा दुरुस्त केलेली. त्यात वाईट काही नाही, पण किमान क्षमता लिहिलेली हवी. नाहीतर ६९ टक्क्यांची काढून ७२ ची बसवतील आणि करार पाळला म्हणतील. एकच मॉड्यूल बदलले तर नव्याची जादा क्षमता वाया जाते, कारण मर्यादा जुन्या मॉड्यूलची. म्हणून दुरुस्तीनंतर पूर्ण पॅकच्या मोजणीचा कागद मागा. गाडी उभी असेल तेवढ्या दिवसांचे भाडे माफ, हेही.

कलमबहाद्दर

बुडण्याबद्दल: २००७ मध्ये सुरू झालेली बेटर प्लेस ही कंपनी इस्राएल आणि डेन्मार्कमध्ये रेनॉ फ्लुएन्स झेडई गाड्यांच्या बॅटऱ्या स्वतःकडे ठेवून किलोमीटरच्या योजना विकत होती. मे २०१३ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. तिथे गाड्यांचे सगळे गणित बॅटरी बदलणाऱ्या स्टेशनांवर उभे होते. तुमची बॅटरी गाडीतच आहे, त्यामुळे धोका वेगळा: बॅटरी कंपनीच्या मालमत्तेत मोजली जाते आणि करार दुसऱ्याला विकला जातो. नवा मालक जुन्या अटींना बांधील राहील, आणि क्षमतेची हमी वित्त कंपनीची नसून गाडी बनवणाऱ्याची आहे, ही दोन वाक्ये हवीत. चीनच्या नीओ या कार कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये बॅटरी भाड्याने देण्याची योजना आणली तेव्हा बॅटऱ्यांची मालकी वेगळ्या कंपनीकडे ठेवली आणि त्यात सेल बनवणारी सीएटीएल भागीदार होती. हमी देणारा आणि पैसा लावणारा कोण, हे तिथे निदान स्पष्ट होते.

दोनचाकी

जरा बाजूचे. स्कूटरच्या बदलून घेण्याच्या बॅटऱ्यांना वरचे बरेचसे लागू नाही. तिथे पॅक दर वेळी वेगळा येतो, त्यामुळे एसओएचची काळजी चालवणाऱ्याची नाही. त्रास होतो तो कनेक्टरचा. पिनांवर धूळ किंवा ओल बसली की गाडी पॅक ओळखत नाही. कोरड्या मऊ ब्रशने साफ करा, ग्रीस लावू नका. दुसऱ्या कंपनीच्या स्टेशनांच्या जाळ्यातला पॅक आकाराने बसला तरी बीएमएसची ओळख पटल्याशिवाय वीज सोडत नाही, म्हणजे जाळे बंद पडले तर स्कूटर उभी.

हिशोबनीस

सरळरेषा, तुमच्या धावण्याला १५०० ची किमान मर्यादा जड जाते. किमान बिल × १०० ÷ बॅटरीची किंमत एवढे काढा. उत्तर १.५ च्या वर आणि गाडी पाच वर्षांहून जास्त ठेवायची असेल तर सरळ विकत घ्या. उत्पादकाची वॉरंटी (बऱ्याच गाड्यांना ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते) तेव्हाही मिळतेच, मग भाडे नेमका कोणता जादा धोका उचलते हे विक्रेत्याला विचारा. १.३ च्या खाली असेल तर भाडे घ्यायला हरकत नाही. मधल्या पट्ट्यात कलमबहाद्दर म्हणतात तो महिनावार तक्ता मागा आणि ३६ व ६० व्या महिन्याच्या रकमा वरच्या हिशोबात "उरलेली किंमत" म्हणून घालून बघा. कंपनी स्वतः बॅटरीला तेव्हा किती किंमत धरते ते त्यातून कळते. भाडे दरवर्षी वाढण्याचे कलम असेल तर पहिल्या वर्षाचे नव्हे, पाच वर्षांच्या सरासरीचे बिल धरा.